क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे व लिनक्सवर न जोडला जाणारा पेनड्राइव्ह

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर मिरचीकरिता प्रसिद्ध असले, तरी बोलींच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व निराळे आहे. भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या सान्निध्यामुळे तेथे नागपुरी आणि झाडी या बोलींची क्षेत्रे एकमेकींस भिडतात. अशा गावी एखाद्या वृद्ध निवेदकाचे बोलणे मुद्रित करून आणावे आणि विभागातील लिनक्स संगणकाने तो पेनड्राइव्ह उघडू नये, हा प्रसंग क्षुल्लक नव्हे. तोच निवेदक पुन्हा भेटेल याची शाश्वती नसते.

‘माउंट करणे’ म्हणजे उपकरणावरील फाइलरचना संगणकाच्या निर्देशिकावृक्षातील एका शाखेस जोडणे होय. उपकरण ओळखले जाणे ही त्याआधीची स्वतंत्र पायरी आहे. ध्वनी ऐकू आला म्हणजे भाषा कळली असे होत नाही, तसेच हे. यास्तव प्रथम ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन प्रणालीच्या गाभ्याने केलेल्या नोंदी वाचाव्यात. नंतर ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने उपकरण व त्याचे विभाग दिसतात की नाही ते पाहावे. काहीच न दिसल्यास खोबणी बदलून पाहावी.

उपकरण दिसते पण जोडले जात नाही, अशा वेळी बहुधा फाइलरचनेचा प्रश्न असतो. फॅट-३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून दीर्घ मुद्रणांसाठी एक्सफॅट वापरतात. लिनक्सच्या गाभ्यात एक्सफॅटचा आजचा चालक ५.७ या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली आला. त्यापूर्वीच्या प्रणालींवर तो वेगळा बसवावा लागतो.

एनटीएफएसची अडचण निराळी. विंडोजवरून पेनड्राइव्ह अवेळी उपटल्यास त्यावर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहते, आणि ५.१५ आवृत्तीपासूनचा (२०२१) नवा चालक अशा विभागावर लेखनास नकार देतो. हा नकार हितकारकच होय. बळजबरी न करता केवळ वाचनापुरते जोडून मुद्रणे उतरवून घ्यावीत. दुरुस्ती मागाहून विंडोजवरच करावी.

नोंदींत वाचनदोष वारंवार येत असतील, तर मात्र उपकरणच झिजले आहे असे समजावे. त्यावर ‘एफएससीके’ चालविणे धोक्याचे, कारण ती आज्ञा मूळ उपकरणावरच लिहिते. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण प्रतिमा अन्यत्र उतरवावी व सर्व प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत. विंडोजने मध्येच ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारल्यास होकार देऊ नये.