बीजातील वारसा

'खाण तशी माती' ही म्हण मराठीत फार जुनी आहे. भाताचे बी पेरले असता भातच उगवतो, त्यातून नाचणी उगवत नाही, हा शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव होय. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरात एका मातापित्यांची दोन मुले रूपाने व अंगलटीने भिन्न असतात आणि आईबापांत कधी न दिसलेला एखादा विशेष नातवंडात अचानक प्रकट होतो. साम्य आणि भेद या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच नियमाने घडून येतात. हा नियम कोणता, आणि त्याच्या ज्ञानाने आशियातील भातपिकावरील एक मोठे संकट कसे टळले, याची माहिती पुढे दिली आहे.

मेंडेलचे वाटाणे

एकोणिसाव्या शतकात बहुतेक विद्वानांची अशी समजूत होती की, दोन रंग एकमेकांत मिसळावेत त्याप्रमाणे मातापित्यांचे गुण अपत्यात मिसळून जातात. ही समजूत खरी असती, तर काही पिढ्यांतच सर्व भेद नाहीसे होऊन सगळे जीव एकसारखे झाले असते. प्रत्यक्षात तसे होत नाही.

या कोड्याचा उलगडा ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने केला. त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या व आज चेक प्रजासत्ताकात मोडणाऱ्या ब्रनो या गावी, मठाच्या बागेत त्याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. वाटाण्याची निवड त्याने विचारपूर्वक केली होती. या वनस्पतीच्या फुलात परागसिंचन त्याच फुलातील परागांनी होते, त्यामुळे तिचे वाण शुद्ध राहतात. शिवाय कळी उमलण्यापूर्वीच पुंकेसर काढून टाकून दुसऱ्या झाडाचे पराग तेथे नेऊन लावले, तर हवा तसा संकर घडविता येतो.

गोल दाण्याच्या वाणाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणाशी संकर केल्यावर पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोलच निघाले. सुरकुतलेपणा जणू नाहीसा झाला. मेंडेलने हे दाणे पेरले व त्या झाडांना स्वतःच्याच परागांनी फळू दिले. तेव्हा दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल व १,८५० दाणे सुरकुतलेले मिळाले. हे प्रमाण जवळजवळ तिनास एक असे आहे. म्हणजे सुरकुतलेपणा नष्ट झाला नव्हता. तो एक पिढी झाकला गेला होता, इतकेच.

यावरून मेंडेलने असे अनुमान काढले की, प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात. एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. हे दोन भिन्न असल्यास ज्याचा परिणाम दिसतो तो प्रभावी व जो झाकला जातो तो अप्रभावी. पुढील पिढीला देताना मात्र या दोहोंपैकी एकच घटक दिला जातो, आणि कोणता दिला जाईल हे दैवावर अवलंबून असते.

हे तत्त्व शाळेतही सहज पडताळून पाहता येते. दोन नाणी एकदम शंभर वेळा उडवावीत. छापा म्हणजे गोलपणाचा घटक व काटा म्हणजे सुरकुतलेपणाचा घटक असे मानावे. दोन्ही नाण्यांवर काटा पडण्याचे प्रसंग सुमारे पंचवीस येतील, आणि उरलेल्या सुमारे पंचाहत्तर प्रसंगी निदान एक तरी छापा असेल. तिनास एक हे प्रमाण येते ते असे.

मेंडेलने दोन गुण एकत्र घेऊनही प्रयोग केला. गोल-पिवळ्या व सुरकुतलेल्या-हिरव्या दाण्यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत ३१५ गोल-पिवळे, १०८ गोल-हिरवे, १०१ सुरकुतलेले-पिवळे व ३२ सुरकुतलेले-हिरवे असे दाणे मिळाले. यांपैकी मधले दोन प्रकार मूळ वाणांत नव्हतेच. जुन्याच घटकांची नवी जुळणी होऊन नवे प्रकार जन्मास येतात, हे यावरून दिसून आले.

मेंडेलने आपला निबंध १८६५ साली वाचला व तो १८६६ साली छापून निघाला. परंतु त्याचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. मेंडेल १८८४ साली वारला. पुढे १९०० साली इतर शास्त्रज्ञ स्वतंत्र प्रयोगांनी त्याच निष्कर्षाला पोहोचले, तेव्हा जगाला त्याची ओळख पटली.

जनुके आणि गुणसूत्रे

मेंडेलच्या घटकांना आज जनुके म्हणतात. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात व त्यांवर जनुके ओळीने मांडलेली असतात. वाटाण्यात गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात, भातात १२ व मनुष्यात २३. जनुके डी. एन. ए. या रसायनाची बनलेली असून त्याची दुहेरी सर्पिल रचना १९५३ साली उलगडली.

बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र तीत जाते. भाताच्या १२ जोड्यांमधून अशा निवडीचे ४,०९६ प्रकार संभवतात. मनुष्याच्या बाबतीत ही संख्या ८३ लाखांवर जाते. याखेरीज जोडीतील गुणसूत्रे आपापल्या तुकड्यांची अदलाबदलही करतात. एका मातापित्यांची मुले परस्परांहून भिन्न का असतात, याचे उत्तर येथे मिळते.

क्वचित जनुकाची नक्कल होताना त्यात फरक पडतो. त्यास उत्परिवर्तन म्हणतात. मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा हे त्याचेच उदाहरण होय. पिष्ट तयार करण्यास साहाय्य करणाऱ्या जनुकात डी. एन. ए.चा एक आगंतुक तुकडा शिरल्यामुळे ते जनुक निकामी झाले, असे १९९० साली सिद्ध झाले. अशा दाण्यात पिष्ट कमी व साखर अधिक असते. त्यामुळे कोवळेपणी तो पाणी अधिक शोषतो आणि वाळल्यावर आक्रसतो.

मात्र प्रत्येक गुण एकाच जनुकावर अवलंबून असतो असे नव्हे. मनुष्याची उंची किंवा त्वचेचा वर्ण यांत अनेक जनुकांचा वाटा असतो. उंचीच्या बाबतीत तर आहार व आरोग्य यांचाही परिणाम मोठा असतो.

भातावरील संकट

१९६६ साली फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आय. आर. ८ हे बुटके व भरघोस पिकणारे वाण प्रसृत केले. त्याच्यासारखी थोडी वाणे आशियात दूरवर पसरली. उत्पन्न वाढले, परंतु विस्तीर्ण प्रदेशातील शेते एकमेकांसारखी झाली. लवकरच तपकिरी तुडतुड्यांचा उपद्रव वाढला. भारतात १९७३-७४ साली केरळातील कुट्टनाड भागात त्यांनी पिकाची मोठी हानी केली. हे कीटक रोपातील रस शोषतात एवढेच नव्हे, तर ग्रासी स्टंट नावाच्या रोगाचे विषाणूही पसरवितात. रोगट रोप खुजे राहते, त्याला गवतासारखे असंख्य फुटवे येतात आणि लोंब्या मात्र जवळजवळ धरतच नाहीत.

या रोगाला दाद न देणारा भात शोधण्यासाठी संस्थेने आपल्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. लागवडीचे एकही वाण टिकले नाही. टिकला तो केवळ एक नमुना, आणि तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या रानभाताचा होता. या जातीचे शास्त्रीय नाव ओरायझा निवारा असे आहे; रानभाताला संस्कृतात 'नीवार' म्हणतात, त्यावरून ते पडले. डबक्यांच्या काठी उगवणाऱ्या या गवताचे दाणे पिकताच गळून पडतात आणि त्यांना लांब कुसळे असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याला काहीच मोल नव्हते. परंतु रोगाचा प्रतिकार करणारे एक प्रभावी जनुक त्याच्यापाशी होते.

मेंडेलचा नियम येथे कामी आला. रानभाताचा लागवडीच्या भाताशी संकर केला असता संततीत निम्मा वारसा रानटी असतो. ही संतती पुन्हा लागवडीच्या वाणाशी संकरित केली की तो सरासरीने चौथ्या हिश्श्यावर येतो, नंतर आठव्या, नंतर सोळाव्या. प्रतिकाराचे जनुक प्रभावी असल्यामुळे प्रत्येक पिढीत सुमारे निम्मी रोपे रोगप्रतिकारक निघतात. रोपांवर रोगवाहक तुडतुडे सोडले की ती ओळखू येतात, व तेवढीच पुढच्या संकरासाठी राखता येतात. अशा रीतीने रानभाताचे नको असलेले गुण गाळून हवे ते जनुक मात्र टिकविले गेले.

हे काम मूळचे पंजाबचे शास्त्रज्ञ गुरदेव सिंग खुश व त्यांचे सहकारी यांनी केले. १९७४ साली अशी पहिली वाणे बाहेर पडली. १९७६ साली आलेल्या आय. आर. ३६ या वाणात तर सहा देशांतील तेरा वाणांचा वारसा एकत्र आला होता. १९८० नंतरच्या दशकात ते सुमारे १ कोटी १० लाख हेक्टर क्षेत्रावर पिकत होते. त्याच दशकाच्या आरंभी फिलिपीन्समध्ये या विषाणूचा एक नवा प्रकार आढळला व त्यापुढे हे जनुक पुरेसे ठरले नाही. यावरून हे स्पष्ट होते की असा शोध एकदा करून संपत नाही.

विविधतेचे जतन

विविधता नसली म्हणजे काय होते, याचा धडा आयर्लंडने दिला आहे. तेथील गरीब जनता मुख्यतः बटाट्यावर जगत असे व त्यात एकाच वाणाची लागवड फार होती. बटाटा कंदापासून लावला जातो, म्हणून त्या वाणाची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी होती. १८४५ साली करपा रोग आला. एक झाड ज्याला बळी पडे, त्याला सारेच शेत बळी पडे. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराई यांनी मृत्युमुखी पडली.

म्हणूनच आज जुनी वाणे व त्यांचे रानटी सोयरे जपून ठेवले जातात. नवी दिल्ली येथे १९७६ साली राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. तिच्या पेढीत चार लाखांहून अधिक बीजनमुने असून ते वाळवून उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले जातात. परंतु पेढीतील बी जसेच्या तसे राहते; शेतात दरवर्षी पेरले जाणारे बी मात्र बदलत्या हवामानाशी व रोगांशी सामना करीत बदलत जाते. म्हणून दोन्ही प्रकारचे जतन आवश्यक आहे.

कोणते जनुक केव्हा उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही. उत्तर प्रदेशातील तो नमुना गोळा करणाऱ्याला पुढच्या रोगाची कल्पना नव्हती. ते बी त्या वेळी संग्रहात नसते, तर शोधणाऱ्यांच्या हाती काहीच लागले नसते. डबकी बुजविली गेली, जुने वाण पेरणे थांबले, तर त्यांबरोबर जनुकेही जातात. आणि एकदा गेलेले जनुक कोणत्याही संकराने परत आणता येत नाही.