ग्लोव्हज चढवण्यापूर्वी

गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या कार्यक्रमाला एका स्नेह्यांचा मुलगा तिकिटं घेऊन आला. वय सव्वीस, नोकरी बँकेत, चष्मा जाड. "काका, मी बॉक्सिंग करतोय. कॅन्सरच्या मदतीसाठी. याल ना?" आम्ही चाट पडलो. याच मुलाला त्याची आई परवापरवापर्यंत कानटोपीशिवाय घराबाहेर पडू देत नव्हती! आठ आठवडे ट्रेनिंग, मग हॉटेलच्या हॉलमध्ये दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. चांगल्या कामाला नाही कसं म्हणणार? आम्ही दोन तिकिटं घेतली. घरी आल्यावर सौ.नी एकच प्रश्न विचारला, "तिथे डॉक्टर असणार आहे का?" उत्तर आमच्याकडे नव्हतं. फोन केला, तर त्या मुलाकडेही नव्हतं. मग आम्ही जी चौकशी केली, ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमचा समज असा, की बारीकसारीक गोष्टीला नियम करणाऱ्या या देशात मुष्टियुद्धाला सरकारी कायदा असणारच. तसा तो नाही. १८८२ सालच्या 'आर. विरुद्ध कोनी' खटल्यात उघड्या मुठींची पैजेची लढत गुन्हा ठरली, मग लढणाऱ्या दोघांची संमती का असेना. ग्लोव्हज घालून, नियमानं खेळलेली लढत मात्र खेळ म्हणून कायदेशीर राहिली. पुढे खासदार आणि स्वतः डॉक्टर असलेल्या एडिथ समरस्किल यांनी १९६० साली धंदेवाईक लढतींवर बंदीचं विधेयक आणलं, ते बारगळलं. १९८२ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननेही बंदी मागितली. सरकारने ना बंदी घातली, ना स्वतः नियम केले. सगळं खेळाच्या संस्थांवर सोपवून दिलं.

या संस्था काही कमी नाहीत. इंग्लंडमधल्या हौशी मुष्टियुद्धाची संघटना १८८० सालची. आज तिचं नाव 'इंग्लंड बॉक्सिंग'. तिच्या क्लबात वैद्यकीय तपासणीशिवाय लढतीचं कार्ड मिळत नाही. लढतीच्या दिवशी पुन्हा तपासणी होते आणि रिंगच्या कडेला वैद्यकीय अधिकारी लागतो. जोड लावताना वय, वजन आणि आधीच्या लढती पाहतात. नॉकआऊट झालेल्याला निदान चार आठवडे सक्तीची रजा, सरावातसुद्धा ठोसा नाही. आमचे आजोबा सांगत, तालमीतला वस्ताद नवख्या पोराची जोड मुरलेल्या पैलवानाशी कधी लावत नसे. तेच शहाणपण इथे कागदावर आहे, इतकंच.

पण आमच्या या चिरंजीवांची लढत संघटनेच्या छत्राखाली नव्हतीच! हिला 'व्हाइट कॉलर बॉक्सिंग' म्हणतात. न्यूयॉर्कच्या ग्लीसन्स जिममध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिने मूळ धरलं आणि मग ती इकडे पसरली. काही आयोजक चोख व्यवस्था ठेवतात, पण तशी ठेवायला त्यांना भाग पाडणारी क्रीडासंस्था कोणतीच नाही. मग कौन्सिल काय करतं? २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टमध्ये बॉक्सिंग येतं, पण 'करमणूक' म्हणून, नाटक-सिनेमाच्या रांगेत! गुन्हे, सार्वजनिक सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव आणि मुलांचं रक्षण एवढं पाहायचं. हॉलला दारं किती, हे विचारलं जातं. रिंगमधल्या माणसाच्या कवटीत काय चाललंय, ते पाहणं त्या परवान्याचं मुख्य काम नाही.

आणि धोका तिथेच असतो. हेडगार्डने भुवई फुटणं वाचतं, पण डोक्याला बसणारा हिसका थांबत नाही. कवटीच्या आत रक्तस्राव झाला, तर एकेक मिनिट मोलाचं. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर मायकेल वॉटसन ख्रिस युबँकशी लढताना कोसळला. ती धंदेवाईक लढत होती, तरीही श्वास सांभाळण्याची साधनं रिंगपाशी नव्हती. त्याला आधी नेलं त्या इस्पितळात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. तो जगला, पण कायमचा अधू झाला. पुढे त्याने धंदेवाईक बॉक्सिंगच्या नियामक मंडळावर दावा लावला. १९९९ साली तो जिंकला आणि २००० च्या डिसेंबरात अपिलातही निकाल टिकला. नियम करण्याचं काम अंगावर घेतलंत, तर खेळाडूच्या काळजीची जबाबदारीही तुमचीच, असा त्याचा मथितार्थ. २००३ साली वॉटसनने लंडन मॅरेथॉनचं अंतर सहा दिवस चालून पुरं केलं, तेव्हा त्याच्यासोबत त्याचे शल्यविशारद पीटर हॅमलिन होते आणि युबँकही आला होता.

पण जिथे नियम करणारं मंडळच नाही, तिथे जबाबदार कोणाला धरायचं?

म्हणून आम्ही त्या मुलाला चार प्रश्न लिहून दिले. लढत कोणत्या संस्थेच्या नियमांखाली? रिंगपाशी डॉक्टर कोण? ॲम्ब्युलन्स दारात उभी राहणार का? मेंदूची शस्त्रक्रिया होणारं जवळचं इस्पितळ कोणतं, आणि त्यांना कळवलंय का? तिसऱ्या फोनला त्याला उत्तर मिळालं, "फर्स्ट एडवाला असतो की!" चिरंजीवांनी नाव मागे घेतलं आणि महिनाभर आमच्याशी अबोला धरला. देणगी अर्थात आम्ही दिलीच. हल्ली तो मंगळवार-गुरुवार नोंदणी झालेल्या क्लबात जातो, कार्ड खिशात बाळगून. त्याची आई अजूनही आमच्याकडे रागानेच पाहते. तिच्या मते आम्ही त्याला बॉक्सिंग सोडायलाच सांगायला हवं होतं.

ते आम्ही सांगणार नाही. हौस ज्याची त्याची. पण मंडळी, असं तिकीट तुमच्या हाती आलं, तर पैसे काढण्याआधी सौ.चा तो एक प्रश्न तेवढा विचारा.