डबा कुणाबरोबर खाल्लास?

मुलगा शर्ट फाडून घरी आला की लगेच चौकशी सुरू होते. कुणी मारलं, का मारलं, बाई काय करत होत्या? पण मुलगी गप्प गप्प आली, डबा तसाच परत आला, तर आपण म्हणतो, 'वयच तसं आहे गं तिचं!'

मैत्रिणींनो, बचत गटाच्या कामाला घरोघरी जाताना या परत आलेल्या डब्यांबद्दल मी बरंच ऐकलंय. आठवीतली एक मुलगी शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणायची. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी कळलं, वर्गातल्या पाचजणींनी ठरवून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वही द्यायची नाही, ती आली की उठून जायचं. कारण काय, तर हिने म्होरकीचं गुपित फोडलं, असं कुणीतरी म्हणालं! पोर शाळा सोडायला निघाली होती.

लहानपणीची कट्टी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ही कट्टी वेगळी. अंगावर वळ नाही, म्हणून कुणी तिला मारणं म्हणत नाही. अमेरिकेतल्या निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये तिसरी ते सहावीच्या मुलांचा यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. असं वागणाऱ्या मुलांमध्येही एकटेपणा आणि उदासी जास्त आढळली. म्हणजे म्होरकीच्या आईनेही निर्धास्त राहू नये.

मुली हे शिकतात कुठे? हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही, हे आपण त्यांच्यासमोरच ठरवतो ना! मोठ्यांनी जातीतल्या माणसाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. शाळेच्या बाकावर कायदा कुठला पोचायला?

तिथे पोचतात ती बघणारी मुलं. फिनलंडच्या शाळांमधल्या 'किवा' या उपक्रमात भर त्यांच्यावरच असतो. छळणाऱ्याला हसून साथ द्यायची, की ज्याला छळतात त्याच्याजवळ जायचं, हे त्यांना शिकवतात.

आमच्या या आठवीच्या वर्गात हे कुणी शिकवलं नव्हतं. तरी एकीने मधल्या सुट्टीत आपला डबा उचलला आणि त्या मुलीशेजारी जाऊन बसली. भांडली नाही, बाईंकडे गेली नाही. तिची आई मात्र घाबरली, 'ताई, आता हिलाही टाकतील हो!' आठवडाभर टाकलंही. आता त्या बाकावर चौघी बसतात.