संध्याकाळी पोट का फुगतं?
दुपारच्या मटकीच्या उसळीचा त्रास संध्याकाळी होतो, यात नवल नाही. लहान आतड्यात न पचलेला भाग काही तासांनी मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि वायू तयार होतो. म्हणून सकाळपासूनचं खाणं आठवा: कडधान्यं, कोबी, कांदा, गहू, आणि दूध पचत नसेल तर दिवसभराचे चहासुद्धा. बद्धकोष्ठताही बघा. दोन आठवडे खाणं आणि त्रासाची वेळ वहीत लिहा, मग संशयित पदार्थ एकेक करून थांबवा. सगळे एकदम मुळीच थांबवू नका. कडधान्यं भिजवलेलं पाणी टाकून द्या. वजन घटलं, शौचातून रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, घाम, हातात कळ असेल तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.