सिग्नल लाल, गाडी उभी

पाहुण्यांबरोबर लहान मुलं असली की पुणेकर त्यांना हमखास कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर घेऊन जातो. तिथं सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सच्या इमारतीत जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी वर्षानुवर्षं जोपासलेल्या छंदाला १ एप्रिल १९९८ रोजी कायमचं घर मिळालं. सर्कस, पोहण्याचा तलाव, उड्डाणपूल, वाफेचं इंजिन, टांगून धावणारी गाडी, असं एक अख्खं शहर तिथं नांदतं. ज्यांच्या कथांमधली माणसं नियतीपुढं हतबल होतात, त्या जी.एं.च्या नावाच्या रस्त्यावर हे बटणाच्या हुकमात चालणारं शहर असावं, याची मला मोठी गंमत वाटते. मुलं गाडीमागून गाडी बघत असतात आणि मी रुळांकडेचे सिग्नल. कारण गाडी पळवणं फारसं अवघड नाही. रुळांना वीज दिली की ती पळतेच. सिग्नल लाल झाल्यावर, कुणीही हात न लावता, ती नेमकी त्याच्या अलीकडे उभी राहिली पाहिजे. खरी विद्या ती.

आधी इतिहास उरकून घेऊ. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं १८९१ मध्ये रुळांसकट चावीच्या गाड्या विकायला काढल्या. पुढे इंग्लंडात हॉर्नबी आली, चावी जाऊन वीज आली, आणि एचओ नावाचं प्रमाण जगभर रुळलं: खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी गाडी, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ नं भागलं तर १९ च्या वर जातं, म्हणून एचओच्या रुळावर भारतीय गाडी जराशी अंग चोरून उभी असते. हॅम्बुर्गला २००१ पासून या छंदाचं जगप्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. झाला इतिहास.

आता थांबवण्याकडे येऊ. जुन्या पद्धतीत रुळांमध्ये बारा व्होल्टपर्यंतची एकदिश वीज असते. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी मागं जाते. सिग्नलच्या अलीकडे हातभर अंतरात एक रूळ दोन ठिकाणी कापायचा आणि फटीत प्लास्टिकचा जोड बसवायचा. या तुकड्याला वीज द्यायची ती रिलेमधून, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचमधून. त्याच रिलेचा दुसरा संपर्क सिग्नलचे दिवे बदलतो. सिग्नल हिरवा असेल तर तुकडा जिवंत, लाल असेल तर मेलेला. इंजिन त्या तुकड्यात शिरलं की उभं. फटीवर एक डायोड टाकला की उलट दिशेनं येणारी गाडी लाल सिग्नलची पर्वा न करता निघून जाते, कारण तिच्यासाठी वीज उलटी वाहते आणि डायोड तिला वाट देतो. काही रुपयांच्या डायोडनं केवढं काम केलं!

खोट एवढीच, की गाडी भिंतीवर आदळल्यासारखी थांबते. बावीस डब्यांची एक्स्प्रेस अशी थांबली असती तर आतल्या प्रवाशांच्या चहाचं काय झालं असतं?

म्हणून डिजिटल. लेन्झ या जर्मन कंपनीची पद्धत पायाला धरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९० च्या दशकात डीसीसी हे मानक ठरवलं. यात रुळांमध्ये पंधरा व्होल्टच्या आसपासची वीज सदोदित असते, पण ती सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते. बदल ५८ मायक्रोसेकंदांनी झाला तर ‘एक’, १०० किंवा जास्त मायक्रोसेकंदांनी झाला तर ‘शून्य’. या एक-शून्यांतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकानं हुकूम जातो आणि इंजिनाच्या पोटातला डिकोडर तो पाळतो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक डिकोडरचा क्रमांक ३ असतो. एकाच रुळावर चार इंजिनं चार वेगांनी चालवता येतात, उभ्या इंजिनाचे दिवे जळत राहतात, भोंगा वाजतो. इथं सिग्नलसाठी वीज तोडली तर दिवे विझतात, आवाज घुसमटतो आणि सगळी शोभा जाते.

लेन्झनं यावर जी युक्ती काढली ती मला या सगळ्या छंदातली सर्वांत देखणी वाटते. सिग्नलआधीच्या तुकड्याची वीज तोडायचीच नाही. तिच्या वाटेत एका दिशेनं चार डायोड ओळीनं आणि उलट दिशेनं एक डायोड ठेवायचा. प्रत्येक सिलिकॉन डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो. म्हणजे जाताना २.८ व्होल्ट गळतात, येताना फक्त ०.७. लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे दोन व्होल्टनी ठेंगणी होते. एक-शून्य तसेच पोचतात, दिवे तसेच जळतात, पण डिकोडरला हे लंगडणं कळतं आणि तो ठरवून दिलेल्या मंदगतीनं ब्रेक लावतो. त्यासाठी त्याच्या सत्ताविसाव्या नोंदीत ही सोय चालू करायची आणि चौथ्या नोंदीत मंदगती किती ते सांगायचं. हिरवा सिग्नल देताना रिले त्या डायोडांना बगल देतो आणि गाडी हळूच हलते. उलट दिशेच्या इंजिनाला लंगड दुसऱ्या बाजूला दिसते, म्हणून ते थांबत नाही. मात्र डब्यांत दिवे असतील आणि त्यांची चाकं रुळांतून वीज घेत असतील, तर फटीवरचा डबा दोन्ही तुकडे जोडतो आणि लंगड नाहीशी होते. अशा गाडीसाठी थांबण्याचा तुकडा गाडीहून लांब ठेवावा लागतो.

लांबीचं गणितही करून बघा. एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे एचओमध्ये सत्तावीस सेंटिमीटर. बावीस डब्यांना सहा मीटर. पुण्यातल्या दोन बेडरूमच्या घरात ती मावायची तर हॉलमधून निघून स्वयंपाकघरात थांबली पाहिजे. आम्ही सगळे पाच-सहा डब्यांवर भागवतो.

सामानासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारखी जागा नाही. ‘बारा व्होल्टचा शुगर क्यूब’ म्हटलं की पोऱ्या न बघता मागच्या खणातून रिले काढतो. वर विचारतो, ‘काका, डायोड पण टाकू ना कॉइलवर?’ टाकायचाच. रिले बंद होताना कॉइल उलटा झटका देते आणि तो डायोडनं जिरवला नाही तर शेजारचा ट्रान्झिस्टर जातो. सिग्नलच्या एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. बारा व्होल्टवर सुमारे दहा मिलिअँपिअर मिळतात. खांबात घालायची तार केसासारखी बारीक लागते.

आमच्या सोसायटीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक सिग्नल इन्स्पेक्टर राहतात. माझी मांडणी बघायला आले ते गाडीकडे न बघता थेट टेबलाखाली वाकले.

‘ही रिलेची तार तुटली तर काय होईल?’

मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच ती उपटली. रिले खट्कन सुटला, सिग्नल लाल झाला, येणारी गाडी मंदावत उभी राहिली.

‘आणि लाल दिवाच उडाला तर?’

‘तरी थांबेल. डायोड दिव्याला विचारत नाहीत.’

‘मग ठीक आहे. चहा टाका.’

त्या दोन प्रश्नांत रेल्वेचं दीडशे वर्षांचं शहाणपण आहे. विल्यम रॉबिन्सननं १८७२ मध्ये पेटंट घेतलेलं ट्रॅक सर्किट हेच करतं. रूळ मोकळे असतील तेव्हाच रिले ओढलेला राहतो. गाडी आली, तार तुटली वा बॅटरी मेली, तरी तो सुटतो आणि सिग्नल लाल होतो. जुन्या हाताच्या सिग्नलचीही तार तुटली तर वजनामुळं हात आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत येतो. दिवा विझलेला सिग्नल ड्रायव्हरनं लालच समजायचा असतो. यंत्र बिघडलं तर ते थांबण्याच्या बाजूनंच बिघडलं पाहिजे.

पण खऱ्या रेल्वेत सिग्नल ड्रायव्हरला फक्त सांगतो. थांबवणं ब्रेकच्या हाती. याचा कडेलोट बघायचा तर खंडाळ्याच्या घाटात बघा. तिथला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. घाट उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल आणि ठाकूरवाडीला थांबतात, ते प्रवाशांसाठी नव्हे. तिथला सांधा मुळातच चढाच्या, पुढे बंद असलेल्या फाट्याकडे लावलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडीनं थांबून ब्रेक शाबूत असल्याचं दाखवलं, तरच सांधा मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक गेलेली गाडी सिग्नल ऐकणार नाही, हे गृहीत धरून तो घाट बांधलेला आहे. खिडकीतून तो चढता फाटा दिसला की मी शेजारच्या प्रवाशाला हे समजावून सांगतो. ऐकणारे थोडे, झोपणारे जास्त. ड्रायव्हर चुकला तरी गाडी थांबवणारं ‘कवच’ आता खऱ्या रेल्वेवर पसरतंय. टेबलावरच्या गाडीला ते आधीपासूनच आहे.

तरुण मंडळी मला म्हणतात, काका, रिले कशाला? संगणकच सिग्नल बघेल आणि गाडीला थांबायचा हुकूम देईल. तेही होतं. अर्डुइनोवर चालणारी नियंत्रणं आता स्वस्तात घरी बनवता येतात. शिवाय संगणक आणि छोटी रेल्वे यांचं नातं जुनं आहे. एमआयटीत १९४६ मध्ये स्थापन झालेल्या मॉडेल रेल्वे क्लबच्या टेबलाखाली टेलिफोनच्या रिलेंचं जंगल होतं. त्यात रमलेली पोरं पुढं विद्यापीठाच्या संगणकांवर तुटून पडली आणि हॅकर संस्कृती तिथून फोफावली. तेव्हा संगणकाला माझा विरोध नाही. गाड्यांचं वेळापत्रक, सांधे, घोषणा सगळं त्यानं बघावं. पण लाल सिग्नल आणि थांबणारी गाडी यांच्यात मला तार आणि डायोडच हवेत. प्रोग्रॅम अडकला, यूएसबी निसटली, तरी गाडी सिग्नल ओलांडणार नाही.

ज्यांना या दिवाळीत सुरुवात करायची आहे त्यांनी रुळांचा एक गोल, एक डिजिटल इंजिन, एक सिग्नल, एक रिले आणि पाच डायोड एवढंच घ्यावं. दुसरा सिग्नल घेण्याआधी गाडी चालू असताना रिलेची तार उपटून बघावी. गाडी थांबली तर पुढचा खर्च करायला हरकत नाही.