भोगीच्या दिवशी मुलांसाठी भाज्यांचे ताट

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, महाराष्ट्रात घरोघरी वांगी, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे इत्यादींची तीळ घातलेली मिसळीची भाजी व बाजरीची भाकरी करतात. परंतु लहान मुले पुष्कळदा ही भाजी ताटात तशीच टाकतात. अशा वेळी भाजीच्या जोडीला कच्च्या भाज्यांचे एक निराळे ताट मांडावे.

गाजर व टोमॅटो स्वच्छ पाण्याने धुऊन मगच चिरावेत. टोमॅटोची चकती मध्यभागी ठेवून भोवती गाजराच्या लांब फोडींचे किरण मांडावेत व मधल्या जागी सोलाणे भरावेत. म्हणजे संक्रांतीचा सूर्य तयार होतो. शेजारी वाटीत दही व भाजलेल्या तिळांचे कूट कालवून ठेवावे. गाजरातील कॅरोटीनपासून शरीरात दृष्टीस आवश्यक असे ‘अ’ जीवनसत्त्व बनते. तिळातील स्निग्धांशामुळे ते कॅरोटीन अधिक चांगले शोषले जाते.

४ वर्षांखालील मुलांच्या घशात कच्चे गाजर किंवा अख्खे दाणे अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी दोन्ही मऊ वाफवून कुस्करावेत.

मांडणीचे काम शक्यतो मुलांवरच सोपवावे. स्वतः रचलेला सूर्य खाण्यास त्यांना फारसा आग्रह करावा लागत नाही.