मंत्राने उतरलेलं विष

गेल्या चाळीस वर्षांत आरोग्याच्या समजुती किती बदलल्या हे पाहायचं, तर सर्पदंशासारखी कडक कसोटी नाही. काढ्याने सर्दी गेली की आपोआप, यावर वाद घालता येतो. सापाचं विष तेवढी सवड देत नाही. उदाहरणादाखल म्हैसूर जिल्ह्यातलं सरगूर घ्या; ते बंडीपूर-नागरहोळेच्या जंगलपट्ट्यातलं. १९८४ मध्ये म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट सुरू केली, आदिवासी वस्त्यांमध्ये काम केलं आणि पुढे सरगूरला रुग्णालय उभारलं. जंगलालगतच्या अशा भागात साप चावला की मांत्रिक किंवा झाडपाला देणारा गाठायचा, ही जुनी रीत.

ही रीत टिकली ती लोक अडाणी म्हणून नव्हे. भारतातल्या सापांच्या तीनशेहून अधिक जातींपैकी विषारी जेमतेम साठ, आणि विषारी सापही दर दंशात विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी कितीतरी जण काहीही न करता वाचणारच होते. वाचलेला माणूस गावभर सांगत सुटतो. गेलेल्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ एवढंच म्हटलं जातं. शरीर ‘शुद्ध’ करणाऱ्या आजच्या रसांची ख्यातीही अशीच वाढते. म्हणून अनुभव कितीही खरा असला, तरी गेलेल्यांची मोजदाद झाल्याशिवाय तो पुरावा ठरत नाही. ती मोजदाद घरोघरच्या मृत्यूंच्या चौकशीतून झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००५ या एका वर्षातले भारतातले सर्पदंशाचे बळी सुमारे ४५,९०० धरले, आणि त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर दगावलेले होते.

यावर आक्षेप येतो की मांत्रिक दारात होता, दवाखाना कोसभर लांब आणि रात्री वाहन नाही. आक्षेप रास्त आहे, पण तो मंत्राच्या गुणाची साक्ष देत नाही, सोयीची देतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कमी केले, ते गावाजवळ राहून. दुसरा आक्षेप परंपरेचा. साप पकडणाऱ्या इरुळा जमातीचं सापांचं ज्ञान तर अस्सलच; त्यांच्या १९७८ च्या सहकारी संस्थेने काढलेल्या विषापासून प्रतिविष बनतं. परंपरेतलं जे पडताळणीला उतरलं, ते वैद्यकाने उचललं. घट्ट आवळपट्टी, चिरा देणं, विष चोखणं हे मात्र उतरलं नाही; त्याने जखम चिघळते आणि वेळ जातो.

पडताळणी म्हणजे काय, ते रुग्णालयातल्या एका काचेच्या नळीत दिसतं. दोन-तीन मिलीलिटर रक्त कोरड्या, नव्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच कलतं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर ते गोठण्याची शक्ती गेली आहे. घोणस किंवा फुरशाच्या दंशात असं होतं. नळी साबणाने धुतलेली असेल, तर हाच निकाल फसवा येतो, म्हणून नव्या नळीचा आग्रह.

आणि विज्ञानाचंही सगळं सुटलेलं नाही. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. पश्चिम घाटात आढळणाऱ्या, वर वळलेल्या नाकाच्या चापड्यावर ते लागू पडत नाही. ही उणीव डॉक्टर स्वतः उघड सांगतात. मांत्रिकाकडून ‘या सापावर माझा उतारा चालत नाही’ असं क्वचितच ऐकू येतं. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद कळवणं बंधनकारक केलं, त्यामुळे आता सरगूरसारख्या तालुक्यातले वाचलेले आणि गेलेले दोघेही एकाच वहीत येऊ शकतात.